कावूनवाले काका

हुडको वसाहतीतल्या त्या घरी मी वरची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीही न विचारता पहिला प्रश्न केला, "चपलेचा नंबर किती?" मी गडबडून सांगितला. ते आत गेले, पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले, मला चप्पल काढायला लावली आणि ओट्यावर तिच्याभोवती रेघ मारली. ओट्यावर आधीच तीन जोड्यांची चित्रं होती. चौथी माझी झाली. खोली मी अजून पाहिलीही नव्हती.

"आता ही जागा तुमची," ते म्हणाले. "चप्पल दिसून नाही राहिली, शोधत बसलो, म्हणून उशीर झाला, हे या घरात होत नाही."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, त्यायले आधी खोली तर दाखवा."

खोली चांगली होती. पण खरं सांगते, ती वाईट असती तरी मी घेतली असती. असं घर मी पाहिलं नव्हतं. बैठकीच्या भिंतीवर कात्री, हातोडी, पक्कड, चष्मा, छत्री सगळ्यांच्या सावल्या रंगवलेल्या होत्या आणि ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या सावलीवर टांगलेली होती. मांजराच्या वाटीलासुद्धा गोल होता. मांजर मात्र वाटी ढकलून स्वतः त्या गोलात बसायचं आणि काका ते चालवून घ्यायचे.

काका इथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले होते. त्यांच्या वडिलांनी भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवली आणि ते इकडे हिंदी मुलखात येऊन प्लांटमध्ये लागले. मग काका लागले. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये ते लहानाचे मोठे झाले. नोकरीच्या मधल्या वर्षांत त्यांना कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे बाहेरदेशीच्या एका शिक्षकानं जमिनीवर खडूनं गोल काढला आणि काकांना त्यात उभं केलं. दिवसभर नुसतं बघायचं. काम कसं चालतं, माणूस विनाकारण किती वाकतो, कोणती वस्तू कुठे पडून राहते. संध्याकाळी गोलातून बाहेर आलेला माणूस वेगळाच होता, असं काकू सांगत. "गेले तवा बरे होते," एवढंच त्या पुढे जोडत.

या विद्येला जगभर लीन म्हणतात. तिच्यावर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत, परिषदा भरतात. काकांनी ती सगळी दोन शब्दांत बसवली होती, फालतू आणि कावून. ज्या कामातून घेणाऱ्याला काहीच मिळत नाही ते फालतू. आणि ते फालतू आलं कुठून हे शोधायचं तर पाच वेळा कावून विचारायचं. कावून म्हणजे का. आमच्या वैदर्भी घरांतून तसंच म्हणतात. पहिल्या कावूनला बहाणा मिळतो, दुसऱ्याला त्याहून चांगला बहाणा मिळतो आणि पाचव्याला माणूस खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव. अख्खं हुडको त्यांना कावूनवाले काका म्हणायचं, तोंडावरसुद्धा. त्यांना ते आवडायचं.

मी सेक्टर सहामधल्या एका शाळेत शिकवत होते. एकदा शाळेला उशीर झाला आणि संध्याकाळी मी ते बोलून बसले.

"कावून?" काका लगेच सरसावले.

"स्कूटी सुरू झाली नाही."

"कावून?"

"पेट्रोल संपलं होतं."

"कावून?"

"काल भरायचं राहिलं."

"कावून?"

"शाळेतून थेट घरी आले ना."

"कावून?"

"काकूंनी फोन केला होता. भजी करणार होत्या."

काका खुर्चीत मागे रेलले. "सापडलं," ते म्हणाले. "स्कूटीत काहीच खराबी नाही. यायले भज्यायची खबर आदल्या दिवशी द्याले पायजे."

"माह्या भज्यायले मधात आणू नका," काकू आतून म्हणाल्या.

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस, असं वाटेल. मलाही पहिले काही आठवडे तसंच वाटलं. मग एका सकाळी मी पाण्याची मोटर लावून विसरून गेले. टाकी भरून वाहिली, गच्चीवरचं पाणी जिन्यानं उतरलं आणि काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पोचलं. मी तोंड पाडून खाली उभी. दुसरा घरमालक असता तर खोली रिकामी करायला सांगितली असती. काका भिजलेल्या पापडांकडे बघत म्हणाले, "माणूस विसरतेच. मी ते बटन अशा जागी कावून लावलं का जाता-येता ते दिसत नाही?" दुपारपर्यंत बटन जिन्याच्या तोंडाशी आलं आणि त्यावर लाल दिवा लागला. माणसाला दोष द्यायचा नाही, कामाची रीत तपासायची, हे त्यांचं तत्त्व मी त्या दिवशी ओल्या पापडांच्या साक्षीनं शिकले. माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचा पुढे फार उपयोग झाला.

जवळच्या जामुलला एक छोटा फॅब्रिकेशनचा कारखाना होता. त्याचा मालक काकांकडे रडत आला होता की माल वेळेत निघत नाही, गिऱ्हाईक सुटत चाललं आहे. काका बसनं जामुलला गेले आणि त्यांनी मालकालाच खडूच्या गोलात उभं केलं. मालक चांगला धिप्पाड, सोन्याची साखळी घालणारा. उन्हातान्हात घामाघूम उभा राहिला आणि संध्याकाळी म्हणाला की माझी माणसं काम करतच नाहीत, ती दिवसभर पाना शोधत फिरतात. काकांनी पान्यांना जागा करून दिल्या, सामान येण्याची आणि जाण्याची वाट बदलली, आणि माल वेळेत निघू लागला. मोबदला म्हणून काकांनी चहा घेतला. तोही एकच, कारण दुसरा त्यांच्या मते फालतू होता.

निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या जगाचंच बटन हलवायला घेतलं. असे वेडे जगात बरेच असतात आणि ते एकमेकांना शोधून काढतात. दर रविवारी सकाळी काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात व्हरांड्यात मोबाइलसमोर बसत. पलीकडे केनियातल्या फुलं बांधणाऱ्या कारखान्यातली एक बाई, पोलंडच्या इस्पितळातली एक सिस्टर आणि पेरूमधला एक बेकरीवाला. आणखीही लोक यायचे-जायचे, पण हे तिघं पक्के. काकांचं इंग्रजी पहिल्या दोन वाक्यांपुरतं इंग्रजी असायचं. मग ते भरात येत आणि 'व्हाय'चं 'कावून' होऊन जाई. शेवटी त्या लोकांनीच शरणागती पत्करली. पोलंडची सिस्टर तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरला ओठांचा चंबू करून "कावून?" विचारते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. बेकरीवाल्यानं तर भट्टीवर लिहून ठेवलं होतं.

तीन खंडांत काकांचा शब्द चालायचा. चालत नव्हता तो त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. एकदा काकू भाचीच्या बारशाला तुमसरला गेल्या असताना त्यांनी मसाल्याचे डबे 'जास्त लागणारे पुढं, कमी लागणारे मागं' असे लावून ठेवले होते. काकू परत आल्या, सवयीनं हात घातला आणि गोंदियाहून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. त्या दिवसापासून काकांना स्वयंपाकघरात प्रवेश बंद. डबे परत जिथल्या तिथे गेले. ती सोयरीक मोडली नाही हे नशीब. पाहुण्यांना ती थट्टा वाटली आणि मुलगी पसंत पडली.

ती मुलगी म्हणजे रोशनी, काकांची एकुलती एक. गोंदियाच्या त्या घरी तिचं लग्न ठरलं. मराठी फक्त आईशी बोलणारी, बाकी सगळ्या जगाशी हिंदीत, आणि बापाशी अर्धं-अर्धं.

लग्न ठरलं त्या आठवड्यात काका माझ्या खोलीत आले. इकडे-तिकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "मॅडम, केनियावाली म्हणते बरोबर आहे. पोलंडवाली म्हणते बरोबर आहे. जामुलवाला तर पाया पडते. एकदा माह्या बायकोनं म्हणाले पायजे का तुमचं हे बरोबर आहे. मंग मी मोकळा."

त्यासाठी त्यांना लग्नातलं जेवण हवं होतं. लग्न म्हटलं की मांडवामागे उष्ट्या अन्नाचे ढीग आणि त्यावर गाई, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं आणि त्यांचा जीव त्यात जळत होता. नवऱ्या मुलाचे मोठे मामा, ज्यांनी त्याला बापाच्या जागी वाढवलं, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की उभ्यानं जेवणं आमच्यानं होत नाही, पंगतच पाहिजे. काकांना तर पर्वणी. त्यांनी योजना मांडली. प्रत्येक पानाशेजारी एक पिवळं कार्ड. ज्याला काही हवं त्यानं कार्ड उभं करायचं, मग वाढपी येईल.

"पापा," रोशनी म्हणाली, "शादी है, फॅक्टरी नहीं."

कार्ड गेलं. मग तडजोड झाली. थोडंथोडं वाढायचं आणि पुढचं हवं का ते एकदाच विचारायचं. नको म्हटलं की पुढच्या पानावर. "तोच तो माणूस, तोच तो प्रश्न, पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे शुद्ध फालतू," काका म्हणाले. रोशनीनं बापाकडे बघून मान हलवली आणि हो म्हणून टाकलं.

 काकू म्हणाल्या, "करा. पण पंगत बिघडली, तर पुन्हा माह्या घरात हा कारभार नाही. रेघा नाही, सावल्या नाही, कावून नाही. तुमचे ते रविवारचे फोन बाहेर चालू द्या. घरात नाही. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. त्यांना पंगत बिघडणार नाही याची खात्री होती.

आम्ही गच्चीवर सराव केला. आम्ही म्हणजे शेजारपाजारची जाणती मुलं, माझ्या शाळेतले दोन शिक्षक आणि मी. माझ्याकडे बुंदी आली. काकांनी आम्हाला रिकामी पातेली घेऊन रिकाम्या पानांवरून चालवलं. कोण कुठून येणार, कुठून जाणार, कोणाचा कोणाला धक्का लागणार नाही, सगळं पक्कं बसवलं. मला वाटतं प्लांटमध्येही इतकं शिस्तीत काही चाललं नसेल.

लग्नाच्या दिवशी हुडकोच्या मैदानात मांडव होता. एका खांबाला काकांनी मोबाइल बांधला होता आणि त्यातून केनिया, पोलंड आणि पेरू आमची पंगत बघत होते. पोलंडच्या सिस्टरनं तर लाल कुंकूही लावलं होतं. ते काकांनीच तिला फोनवरून शिकवलं असावं, कारण ते जरा नाकाच्या बाजूला उतरलं होतं.

मुहूर्त संध्याकाळचा, म्हणून जेवणं आधी होती. पहिली पंगत वराकडच्यांची. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, कढी, बुंदी. आम्ही ठरल्याप्रमाणे फिरलो. मी मामांच्या पानाशी पोचले. "बुंदी घेता?" मी विचारलं. "नको, नको," मामा म्हणाले आणि त्यांनी पानावर हात धरला. हात पानाच्या चांगला वीतभर वर होता आणि बोटं फाकलेली होती. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही त्या हाताचा अर्थ कळतो. पण मला एकदाच विचारायला सांगितलं होतं. मी पुढे गेले.

पंगत झटपट उठली. पानं लख्ख. काकांनी एक पान उचललं, खांबावरच्या मोबाइलसमोर नाचवलं आणि म्हणाले, "सी. नो फालतू." केनियानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात रोशनी आली. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली, आणि डोळे भरलेले. "पापा, मामाजी जा रहे हैं," ती म्हणाली. "सगळे म्हणून राहिले, मुलीवाल्यायनं हात आखडता घेतला. उपाशी उठवलं."

मांडवात एकदम कुजबुज सुरू झाली. मामा मैदानाच्या कडेला गाडीत जाऊन बसले होते आणि त्यांच्या मागोमाग वराकडची माणसं पिशव्या गोळा करत होती. नवरा मुलगा कधी गाडीकडे बघे, कधी रोशनीकडे. कोणीतरी म्हणालं की वाढणाऱ्या पोरांना अक्कल नाही. कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. काकू भिंतीसारख्या उभ्या होत्या.

मला वाटलं काका आता पागोटं काढून मामांच्या पायावर ठेवतील. तेच करायची रीत आहे. काका गाडीपाशी गेले, दार उघडं होतं, त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. नवा धोतरजोडा, जरीचा काठ, सरळ मातीत.

"मामाजी, चूक झाली. ही माही चूक आहे, या वाढणाऱ्यायची नाही. मी सांगितलं तसं त्यायनं केलं. पण चूक कशी झाली ते मले समजून नाही राहिलं. विचारू काय तुमाले?"

मामांची मान गाडीतल्या गाडीत जरा वळली. रुसलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, मनधरणी करतात. त्यांना हे नवीन होतं. "विचारा," ते म्हणाले.

"तुमी उपाशी उठले. कावून?"

"बुंदी भेटली नाही."

"मॅडम आल्या होत्या न बुंदी घेऊन. नाही कावून म्हटलं?"

"आता पहिल्यांदाच कोणी हो म्हणते काय?"

"कावून नाही म्हणत?"

"हावरट दिसते न बाप्पा. लग्नात गेला अन् पातेलं दिसलं का पान पुढं केलं, असं होते काय कुठं?"

काकांनी मान डोलावली. मागे आम्ही सगळे उभे. वऱ्हाडीही जवळ सरकले होते. "बरं. मंग दुसऱ्यांदा विचारलं असतं तर हो म्हटलं असतं?"

"दुसऱ्यांदाही नाहीच म्हणतो माणूस."

"पोटात भूक असून? कावून?"

मामा म्हणजे मोठा रुबाबदार, पांढऱ्या मिशांचा माणूस. रागावलेला चेहरा हळूहळू वेगळाच दिसायला लागला. "अवो, पोरगी देऊन राहिले तुमी आमाले," ते म्हणाले. "तुमाले आमची किती हौस आहे, आमी तुमाले आवडलो का नाही, हे आमी कसं समजाचं? तोंडानं तर कोणी सांगत नाही. तुमी घ्या म्हणता, आमी नको म्हणतो. तुमी पुन्हा म्हणता, आमी पुन्हा नको म्हणतो. मंग तुमी जबरदस्तीनं वाढता, तवा समजते का आपण इथं पाहुणे नाही, घरचे झालो. तुमची ती मास्तरीण एकदा विचारून निघून गेली. मी बुंदीसाठी नाही रुसलो."

 काकांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, मुलीचं लग्न मोडायच्या बेतात असताना तो माणूस आनंदानं फुलून गेला होता. "सापडलं," ते म्हणाले. "मामाजी, तुमी सोडून मले हे कोणीच सांगितलं नसतं. मी फालतू म्हणून जे काढून फेकलं, तेच तुमाले पायजे होतं."

त्यांनी उठून मांडवाकडे तोंड केलं. "पंगत परत बसवा. तेच पाहुणे, तीच जागा."

"परत?" आचारी म्हणाला.

"परत."

आणि ती पंगत जी बसली तशी पंगत हुडकोनं पुन्हा पाहिली नाही. काकांनी माझ्या हातातलं बुंदीचं पातेलं काढून घेतलं आणि ते स्वतः मामांसमोर वाकले. मामा नको म्हणाले. काका घ्या म्हणाले. मामांनी पानावर हात धरला आणि काकांनी फाकलेल्या बोटांमधूनच बुंदी ओतली. बुंदी मामांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. मामा हसले, मग शेजारचा हसला, मग सगळी ओळ. काकू तुपाची वाटी घेऊन दुसऱ्या बाजूनं आल्या आणि त्यांनी कोणाला काही न विचारता वाढायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी सराव विसरून जो सापडेल त्याला आग्रह केला. एकमेकांना धक्के लागले, कढी सांडली, भाजीत पुरी पडली, पुरीवर भात पडला. खांबावरून पेरूचा बेकरीवाला काहीतरी ओरडत होता. बहुधा त्यालाही भूक लागली होती.

पंगत उठली तेव्हा पानापानात अन्न उरलं होतं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. ते म्हणालेही. मग म्हणाले, "अन्न टाकाचं नाही अन् आग्रहही सोडाचा नाही, याची रीत शोधली पायजे. चमचा लहान घेऊन जास्त खेपा घातल्या तर?" मामा हात धूत होते. ते म्हणाले, "येत्या लग्नात करून पाहू. माह्याकडं दोन पोरं बाकी आहेत." रोशनीनं दोघांकडे बघून कपाळावर हात मारून घेतला, आणि मग हसत हसत रडली.

पुढच्या रविवारी काकांनी जगाला आग्रह समजावून सांगितला. खूप वेळ लागला. इंग्रजीत त्याला शब्द सापडेना, म्हणून आग्रह हाच शब्द गेला. काका म्हणाले, पाहुणा असो, मजूर असो, आजारी माणूस असो, त्याचं पहिलं 'नाही' हे त्याचं उत्तर नसते, तो त्याचा शिष्टाचार असते. लाजून, भिऊन, सवयीनं तो नाही म्हणते. आपण तेच उत्तर मानून निघून जातो अन् म्हणतो का सगळं ठीक आहे.

 त्यानंतरच्या कुठल्याशा रविवारी पोलंडच्या सिस्टरनं सांगितलं. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, रोज विचारलं की दुखत नाही म्हणायचे, आणि ती पुढच्या खाटेकडे जायची. ह्या वेळी ती थांबली. दुसऱ्यांदा विचारलं, खाटेच्या कडेला बसून तिसऱ्यांदा विचारलं. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला आणि कुठे दुखतं ते सांगितलं. केनियातली बाई म्हणाली की तिच्याकडेही आता तसंच विचारतात. त्यांच्या तोंडी त्याचा 'आगराह' झाला होता. काका शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते आणि मी मोबाइलच्या मागे उभी राहून स्वतःचे.

पण ठरलं ते ठरलं. पहिली पंगत बिघडली होती, आणि काका शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतःच पॉलिशपेपर घेऊन ओट्यावरच्या रेघा घासून काढल्या, भिंतीवरच्या सावल्यांना चुना मारला. काकूंनी ते करा असंही म्हटलं नाही आणि करू नका असंही नाही. घर एकदम इतर घरांसारखं दिसायला लागलं. मला ते बघवेना. मांजराला तर बसायला जागाच सापडेना.

रोशनी गेल्यावर घर जास्तच शांत झालं. एक संध्याकाळ मला चांगली आठवते. व्हरांड्यात काकू मांडीवर ताट घेऊन मटर सोलत होत्या. मी पायरीवर वह्या तपासत बसले होते. काका फिरून आले.

"थकली काय वो?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

हे रोज व्हायचं. मला वाटतं लग्न झाल्यापासून रोजच होत असावं. काका विचारत, काकू नाही म्हणत, काका "बरं" म्हणून आत जात आणि टीव्ही लागे. त्या दिवशीही ते उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे थांबले. परत आले.

"थकली काय वो?"

"नाही म्हटलं न." काकूंचे हात चालूच होते.

काका त्यांच्या शेजारी खाली बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी शेंगांच्या ढिगातली एक शेंग उचलली आणि आवाज अगदी खाली आणून, मी ऐकू नये अशा बेतानं, पुन्हा तेच विचारलं.

काकूंचे हात थांबले.

"हो," त्या म्हणाल्या. "लय थकली. पोरगी गेली तवापासून त्या स्वयंपाकघरात पाय ठेवू वाटत नाही. दोन माणसायचं काय रांधाचं?"

काकांनी काही शिकवलं नाही. त्यांनी काकूंच्या मांडीवरचं ताट उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मटर सोलू लागले. फार वाईट सोलत होते. अर्धे दाणे अंगणात उडत होते. मी वह्या गोळा केल्या आणि आवाज न करता जिना चढू लागले. वळणावर असताना काकूंचं बोलणं कानावर आलं.

"इतक्या वर्षांत आज बरोबर विचारलं तुमी."